गंगाधर पानतावणे : 'साभार परत'च्या जमान्यात नव्या लेखकांसाठी दार उघडणारा संपादक

भाईंदरला लोकलमध्ये शिरायचं, कोपऱ्यात कशीबशी उभं राहण्यापुरती जागा मिळवायची आणि मोबाईलवर चार ओळींची कविता टाईप करायची. दहिसर येईपर्यंत ती पोस्ट झालेली असते. बोरिवलीला पहिल्या कमेंट्सही आलेल्या असतात. मधे कुणाची परवानगी लागत नाही.

आता साठ वर्षं मागे जाऊ. १९६० च्या दशकात हीच कविता लोकांपर्यंत पोहोचवायची तर ती कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवावी लागायची. मग पाकीट, पोस्टाचं तिकीट आणि मासिकाच्या संपादकाचा पत्ता. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं आणखी एक पाकीट. कविता आवडली नाही तर संपादक त्या पाकिटातून ती परत पाठवायचे. त्यावर दोन शब्दांचा शेरा असायचा, 'साभार परत'.

हा शेरा त्या काळात जवळपास प्रत्येक लेखकाच्या वाट्याला यायचा. पण काही लेखकांची अडचण त्याहून मोठी होती. ते ज्या आयुष्याबद्दल लिहीत होते, ते आयुष्य साहित्याचा विषय होऊ शकतं, हेच अनेकांना मान्य नव्हतं. गावकुसाबाहेरची वस्ती, पाणवठा, मेलेली जनावरं ओढण्याचं काम, भूक. हे लिहिणाऱ्यांची भाषा ओबडधोबड वाटायची आणि राग प्रचारकी वाटायचा.

या लेखकांसाठी एका मराठीच्या प्राध्यापकाने औरंगाबादमधून एक त्रैमासिक चालवलं. एकदोन वर्षं नाही, जवळपास पन्नास वर्षं. त्या त्रैमासिकाचं नाव 'अस्मितादर्श' आणि त्या प्राध्यापकाचं नाव डॉ. गंगाधर पानतावणे.

कोण होते गंगाधर पानतावणे?

पानतावणे यांचा जन्म २८ जून १९३७ चा, नागपूरचा. शाळा-कॉलेजचं शिक्षणही नागपुरातच झालं.

ही तारीख आणि हे शहर लक्षात ठेवण्यासारखं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा पानतावणे १९ वर्षांचे होते. धर्मांतरानंतर महाराष्ट्रात शिकून बाहेर पडलेली जी पहिली पिढी होती, तिच्यात ते मोडतात. या पिढीकडे शिक्षण होतं, आत्मभान होतं आणि सांगण्यासारखं खूप काही होतं. ते सांगायचं कुठे, हा प्रश्न होता.

नागपूरहून ते औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) आले आणि मिलिंद महाविद्यालयात मराठी शिकवू लागले. पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागात ते प्राध्यापक झाले. नोकरीने प्राध्यापक, लिखाणाने समीक्षक आणि उरलेल्या वेळात संपादक, असं त्यांचं आयुष्य होतं. त्यातलं हे 'उरलेल्या वेळातलं' कामच त्यांची सगळ्यात मोठी ओळख ठरलं.

मासिकांचं तेव्हा एवढं वजन का होतं?

आज एखादा लेखक मोठा आहे की नाही हे कशावरून ठरतं? पुस्तकांची विक्री, पुरस्कार, फॉलोअर्स, अशी वेगवेगळी उत्तरं येतील. त्या काळात मात्र मराठी साहित्यात एक रस्ता जवळपास ठरलेला होता. आधी चांगल्या मासिकात कथा-कविता छापून यायची. चारदोन वर्षांत नाव व्हायचं. मग प्रकाशक पुस्तक काढायचे आणि त्यावर समीक्षा यायची.

या रस्त्यावरचं सगळ्यात मानाचं ठाणं होतं मुंबईचं 'सत्यकथा' मासिक. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक. मराठी नवकथा आणि नवकविता वाढवण्यात 'सत्यकथे'चा वाटा फार मोठा आहे. हे संपादक लेखकाला बारीकसारीक सूचना करायचे, पुन्हा लिहायला लावायचे. त्यांच्या साक्षेपाबद्दल आजही आदराने बोललं जातं.

पण कुठल्याही संपादकाची एक आवड असते आणि त्या आवडीची एक सीमाही असते. १९६० च्या दशकात तरुण लेखकांना ही सीमा खुपायला लागली. त्यातून 'लघुअनियतकालिकं' निघाली. लघु म्हणजे छोटी आणि अनियत म्हणजे ज्यांची तारीख ठरलेली नाही अशी. पैसे जमले की अंक निघायचा. राजा ढाले, अशोक शहाणे, नामदेव ढसाळ, अरुण कोलटकर, भालचंद्र नेमाडे अशी नावं या चळवळीशी जोडलेली आहेत. १९६९ मध्ये तर राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी निषेध म्हणून 'सत्यकथे'चा अंक जाळला होता.

ही अनियतकालिकं गाजली, पण बहुतेक थोड्याच काळात बंद पडली. नाव अनियत असलं की आयुष्यही अनियत असतं. 'अस्मितादर्श'चं वेगळेपण इथेच आहे. बंडखोर लेखकांसाठी निघालेलं हे नियतकालिक दर तीन महिन्यांच्या शिस्तीचं होतं.

औरंगाबादच का?

साहित्याची सत्ता तेव्हा मुंबई-पुण्यात होती. मग दलित साहित्याचं इतकं महत्त्वाचं व्यासपीठ औरंगाबादला कसं उभं राहिलं?

याचं उत्तर आहे मिलिंद महाविद्यालय. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं. मराठवाडा तोवर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला. उच्च शिक्षणाच्या सोयी इथे तुटपुंज्या होत्या. बाबासाहेबांनी मुद्दाम हा मागास भाग निवडला. नागसेनवनाच्या त्या परिसरात खेड्यापाड्यांतली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजपर्यंत पोहोचलेली मुलं वसतिगृहात राहू लागली. महाविद्यालय, वसतिगृह आणि ग्रंथालय, हे सगळं एकाच आवारात.

याच मिलिंदचे प्राचार्य होते म. ना. वानखेडे. अमेरिकेत शिकून आलेल्या वानखेड्यांनी तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचं साहित्य जवळून पाहिलं होतं. गुलामगिरी आणि वर्णभेद सोसलेल्या माणसांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं साहित्य जगभर वाचलं जात असेल, तर जातीचा दाह सोसलेल्यांचं साहित्य का वाचलं जाऊ नये? हा प्रश्न मिलिंदच्या प्राध्यापकांच्या चर्चांमध्ये होता. मुंबईत १९७२ मध्ये 'दलित पँथर' स्थापन झाली तेव्हा तिचं नाव अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलं गेलं, हे अनेकांना माहीत असतं. साहित्यातला हा धागा त्याच्याही आधी औरंगाबादला जुळला होता.

'अस्मिता'चं 'अस्मितादर्श' झालं

१९६७ मध्ये मिलिंदच्या परिसरातून 'अस्मिता' नावाचं नियतकालिक सुरू झालं. वानखेडे आणि पानतावणे यांचा त्यात पुढाकार होता. लवकरच त्याचं नाव 'अस्मितादर्श' झालं आणि ते पानतावणे यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं.

अस्मिता म्हणजे स्वत्वाची जाणीव आणि आदर्श या शब्दाचा एक जुना अर्थ आहे आरसा. आपलं स्वत्व ज्यात दिसतं तो आरसा, असा या नावाचा अर्थ लावता येतो.

याआधी दलित लेखक लिहीत नव्हते असं अजिबात नाही. मुंबईत १९५८ मध्येच पहिलं दलित साहित्य संमेलन झालं होतं आणि त्याचं उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केलं होतं. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. म्हणजे लेखक होते, पुस्तकंही होती. पण हे सगळं सुटं सुटं होतं. या लेखकांनी एकमेकांना वाचावं, एकमेकांशी वाद घालावा, एकमेकांच्या पुस्तकांचं परीक्षण लिहावं, अशी कायमची जागा नव्हती. ती 'अस्मितादर्श'ने दिली.

दया पवार, वामन निंबाळकर, यशवंत मनोहर असे अनेक लेखक या व्यासपीठावर दिसले. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, १९७४ मध्ये दया पवारांचा 'कोंडवाडा', १९७८ मध्ये 'बलुतं', १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं 'उपरा'. आठदहा वर्षांत मराठी साहित्याचा नकाशाच बदलला. ही सगळी पुस्तकं 'अस्मितादर्श'मुळे आली असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण ती आली तेव्हा त्यांच्याबद्दल समजून-उमजून बोलणारा एक वाचकवर्ग तयार होता. तो तयार करण्यात या त्रैमासिकाचा मोठा वाटा आहे.

संपादक नेमकं करतो काय?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, संपादक म्हणजे आलेलं लिखाण निवडणारा माणूस. लहान नियतकालिकाचा संपादक त्याच्या कितीतरी पट जास्त कामं करतो. लेखकांना पत्रं लिहायची, लेख मागवायचे, हस्तलिखितं वाचायची, छापखान्यात फेऱ्या मारायच्या, मुद्रितं तपासायची. मग अंकांवर पत्ते घालून ते टपालात टाकायचे. वर्गणीदारांची यादी सांभाळायची आणि वर्गणी संपलेल्यांना आठवण करायची.

यातला सगळ्यात अवघड भाग पैशांचा. साहित्यिक नियतकालिकाला जाहिराती कमी मिळतात. वर्गणी जास्त ठेवली तर वाचक तुटतो आणि कमी ठेवली तर छपाईचा खर्चही निघत नाही. 'अस्मितादर्श'चा वाचक शिक्षक, कारकून, विद्यार्थी, कार्यकर्ता असा होता. त्याच्यावर भार टाकून चालणार नव्हतं. 'सत्यकथा'सारखं मानाचं मासिकही १९८२ मध्ये बंद झालं. अशा परिस्थितीत प्राध्यापकी सांभाळत त्रैमासिक चालू ठेवणं किती कठीण असेल, याचा अंदाज येतो.

पानतावणे यांनी छापील अंकाला आणखी एक जोड दिली, 'अस्मितादर्श लेखक-वाचक मेळावा'. नावातच त्याचं वेगळेपण आहे. साहित्य संमेलनात लेखक मंचावर असतो आणि वाचक खुर्चीत. इथे दोघांना एकाच पातळीवर आणायचं होतं. कारण 'अस्मितादर्श'चा आजचा वाचक हाच उद्याचा लेखक असण्याची शक्यता होती. हे मेळावे वेगवेगळ्या गावांत भरत आणि गावोगावच्या लिहिणाऱ्यांना एकमेकांची ओळख होत असे. आजच्या भाषेत सांगायचं तर ऑनलाईन ग्रुपमधले लोक पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटावेत, तसं.

समीक्षक म्हणून त्यांचं म्हणणं काय होतं?

दलित साहित्यावर सुरुवातीपासून काही ठरावीक आक्षेप घेतले गेले. हे साहित्य कमी आणि आक्रोश जास्त आहे. यात कलात्मकता नाही. भाषा शिवराळ आहे. एकाने लिहिलं तेच दुसरा लिहितो.

याला उत्तर द्यायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे, 'आमच्यातही कलात्मकता आहे' असं जुन्या निकषांवर सिद्ध करत बसणं. दुसरा म्हणजे निकषच तपासायला घेणं. पानतावणे यांच्या पिढीच्या समीक्षकांनी दुसरा मार्ग धरला. सौंदर्याचे नियम कुणी ठरवले, कुणाच्या आयुष्यावरून ठरवले, असं त्यांनी विचारलं. ज्याला पाण्याला शिवायची बंदी होती, त्याच्या कवितेत नदी आणि विहीर यांचा अर्थ तोच कसा राहील? मग ती कविता मोजण्याचं मापही तेच ठेवून कसं चालेल?

त्यांच्या एका समीक्षाग्रंथाचं नाव 'मूल्यवेध' आहे. साहित्यात आधी मूल्यं शोधायची, हा त्यांचा आग्रह या नावातही दिसतो. ही मूल्यं म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता आणि माणसाची प्रतिष्ठा. 'दलित वैचारिक वाङ्मय', 'विद्रोहाचे पाणी पेटले आहे', 'वादळाचे वंशज' ही त्यांची आणखी काही पुस्तकं.

'दलित' या शब्दाचा त्यांनी लावलेला अर्थही महत्त्वाचा आहे. त्यांच्या लेखी दलित हे जातीचं नाव नव्हतं. परंपरेने आणि व्यवस्थेने ज्याचं शोषण केलं, जो माणसाला गुलाम करणाऱ्या कल्पना नाकारतो आणि माणुसकीवर विश्वास ठेवतो, तो दलित. म्हणजे हा शब्द त्यांना दयेचा वाटत नव्हता, बदलाचा वाटत होता. दलित साहित्याचा अभ्यास करणाऱ्या परदेशी अभ्यासकांनीही त्यांची ही व्याख्या उचलून धरली.

संपादकाने केला दुसऱ्या संपादकाचा अभ्यास

पानतावणे यांच्या पीएच.डी.चा विषय होता 'पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. पुढे याच नावाने त्यांचं पुस्तक आलं.

बाबासाहेब म्हटलं की राज्यघटना, कायदा, अर्थशास्त्र आठवतं. त्यांच्यातला मराठी पत्रकार त्या मानाने मागे राहतो. त्यांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केलं. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापायला नकार दिला होता, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत. पैशांची चणचण तर कायमचीच होती.

पानतावणे यांनी या लिखाणाकडे मराठी गद्य म्हणून पाहिलं. अग्रलेखाची मांडणी, युक्तिवाद, उपरोध, म्हणी आणि दाखले यांचा वापर, हे सगळं साहित्याच्या अभ्यासकाने अभ्यासावं असं आहे, ही त्यांची भूमिका होती. स्वतः तुटपुंज्या साधनांवर त्रैमासिक चालवणाऱ्या माणसाने हा विषय निवडावा, यात नवल नाही.

सगळे त्यांच्याशी सहमत होते का?

नाही. आणि हे वाद समजून घेतल्याशिवाय त्यांचं काम पूर्ण समजत नाही.

पहिला वाद विचारसरणीचा. दलित चळवळीत एक प्रवाह मार्क्सवादाकडे झुकलेला होता आणि दुसरा आंबेडकरवाद-बौद्ध विचार हाच पाया मानणारा. १९७४ च्या सुमारास दलित पँथरमध्ये याच मुद्द्यावरून फूट पडली. पानतावणे ठामपणे दुसऱ्या बाजूला होते. त्यामुळे डाव्या विचारांच्या लेखकांशी त्यांचे मतभेद राहिले.

दुसरा वाद नावाचा. हे साहित्य 'दलित' म्हणायचं, 'बौद्ध' म्हणायचं की 'आंबेडकरवादी'? धम्म स्वीकारल्यानंतर स्वतःला दलित का म्हणवून घ्यायचं, असं विचारणारे लेखक होते. हा वाद आजही संपलेला नाही.

तिसरा वाद मुख्य प्रवाहाशी नातं कसं ठेवायचं याचा. मराठी साहित्य संमेलनांबद्दलची ही नाराजी फार जुनी आहे. १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचं निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारलं होतं. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला ज्या सभेत जागा नाही, तिथे यायचं कशाला, असा त्याचा आशय होता. दलित समाजातून आलेले शंकरराव खरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते थेट १९८४ मध्ये, जळगावला. मग त्या मांडवात जायचं की स्वतःचा मांडव घालायचा? पानतावणे यांनी आधी स्वतःचा मांडव घातला आणि नंतर मुख्य मांडवाशीही संवाद ठेवला. काहींना ही तडजोड वाटली आणि काहींना शहाणपण.

या वादांच्या मागे रस्त्यावरची परिस्थितीही होती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. पानतावणे ज्या शहरात राहत होते आणि ज्या विद्यापीठाशी त्यांची नाळ जुळली होती, तिथलाच हा सोळा वर्षांचा लढा. 'साहित्य आणि राजकारण वेगळं ठेवा' हा सल्ला तिथल्या लेखकाला किती पोकळ वाटत असेल, हे वेगळं सांगायला नको.

सॅन होजे आणि पद्मश्री

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचे अध्यक्ष होते गंगाधर पानतावणे. देशाबाहेर भरलेल्या मराठीच्या या पहिल्या जागतिक मेळाव्याचं अध्यक्षपद 'अस्मितादर्श'च्या संपादकाकडे गेलं. चार दशकांपूर्वी ज्यांचं लिखाण साहित्य आहे की नाही यावर वाद घातला जात होता, त्या प्रवाहाचा हा प्रतिनिधी होता.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २७ मार्च २०१८ ला त्यांचं औरंगाबादला निधन झालं. ते ८० वर्षांचे होते.

आज संपादकाची गरज उरली आहे का?

आता पुन्हा लोकलमधल्या त्या कवितेकडे येऊ. 'साभार परत'चा जमाना गेला, हे चांगलंच झालं. जात, गाव, ओळखीपाळखी यांमुळे कुणाचं लिखाण अडत नाही. पानतावणे ज्या दारासाठी झगडले, ते दार आज तरी सताड उघडं दिसतं.

पण दार उघडं असणं आणि आत कुणी आपली वाट पाहत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोशल मीडियावर कविता टाकली की लाईक मिळतो. 'तिसरी ओळ कच्ची आहे, पुन्हा लिही आणि पाठव' असं सांगणारं कुणी मिळत नाही. आज वाचलेली पोस्ट सहा महिन्यांनी शोधायला गेलं तर सापडत नाही. एखाद्या अकाऊंटवर रिपोर्टचा मारा झाला की लिखाणासकट सगळंच गायब होऊ शकतं. त्रैमासिकाचा अंक मात्र ग्रंथालयात पन्नास वर्षांनीही काढून वाचता येतो.

हे तपासून पाहायचा एक सोपा मार्ग आहे. मीरा-भाईंदर असो की मराठवाड्यातलं एखादं तालुक्याचं गाव, जवळच्या ग्रंथालयात जा आणि १९७०-८० च्या दशकातल्या एखाद्या दलित कवीचा संग्रह मागा. कविता सुरू होण्याआधीच्या पानांवर बहुतेक वेळा ऋणनिर्देश असतो. कविता आधी कुठे छापून आल्या, त्या नियतकालिकांची नावं तिथे दिलेली असतात. त्या यादीत 'अस्मितादर्श' दिसतं का, ते पाहा.